पाणी किती लांब?

वाशीमच्या बसस्टँडवर शिरपूरची गाडी लागली, की आमचे साहेब एकेका खिडकीपाशी जाऊन आतल्या माणसांना विचारायचे, "तुमच्या गावाले पानी किती लांब हाये?"

लोक आधी त्यांना वेडे समजायचे, मग सी.आय.डी.चे. अंगात पांढरा शर्ट, खिशाला चार पेन्सिली, पायांत दोन वेगवेगळ्या रंगांच्या नाड्यांचे बूट आणि काखेत शाळेच्या मुलाची असते तशी दोनशेपानी वही. असा माणूस कुणाच्या पाण्याची चौकशी का करील? तरीपण उत्तर मिळायचंच. एकदा एक पागोटेवाले बाबा म्हणाले, "लांब कायचं? हे काय, हाकेवर."

"हाक कोनाची?" साहेबांनी लगेच विचारलं. "तुमची, का तुमच्या घरच्याइची?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. "माही हाक पानी आयकते," ती म्हणाली. "याइची हाक तं घरची म्हैसबी आयकत नाई."

सगळी गाडी हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं : 'हाकेवर (बाईच्या).'

त्या वहीवर नाव होतं 'लोक काय सांगतात'. तिच्यात काय काय होतं! 'दोन बिड्या.' 'बैल पाजून येईस्तोवर.' 'लेकरू रडून निजेस्तोवर.' 'लय नाई.' 'माहेरपेक्षा जवळ.' आणि एका पानावर नुसतं, 'इचारू नका.' असली उत्तरं साहेब एखाद्याने पोस्टाची तिकिटं जमवावीत तशी जमवायचे. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी घराकडे निघायची, तर ते स्टँडवर दिसायचे आणि लांबूनच ओरडायचे, "बाई, या इकडं! नवीन सापडलं!"

मी मूळची वेंगुर्ल्याकडची. आठवी अर्धवट सोडून लग्न झालं आणि नवऱ्याच्या हिवताप खात्यातल्या नोकरीपायी एकदम वऱ्हाडात येऊन पडले. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. नवरा महिन्यातले वीस दिवस फवारणीच्या दौऱ्यावर. मला इथली भाषा अर्धी कळायची, उरलेल्या अर्ध्याला मी घाबरायची. दुष्काळ ओसरून दोन वर्षं झाली होती. कुठल्या गावाला पिण्याच्या पाण्याची किती गरज आहे याची पाहणी सरकारने काढली होती आणि तिच्यासाठी स्टेशनजवळच्या कापसाच्या एका जुन्या गोदामात तात्पुरतं ऑफिस उघडलं होतं. सातवी पास माणसं घेत होते. मी घाबरत घाबरत अर्ज केला आणि साहेबांनी मला घेतलं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : "तुमाले एखादी गोष्ट समजली नाई तं तुमी काय करता?"

"गप्प बसते," मी म्हणाले. खरं तेच होतं.

"हे तं धोक्याचं हाये," ते म्हणाले. आणि घेतलं.

काम असं. गावोगावच्या ग्रामसेवकांनी नाहीतर मास्तरांनी भरलेले फॉर्म आमच्याकडे यायचे. गावात घरं किती, पाणी कसलं, किती लांब, उन्हाळ्यात किती महिने आटतं. त्यातलं उत्तर वाचून आम्ही ते आकड्यांत करून चौकटींच्या कागदावर भरायचं. ते कागद रेल्वेने मुंबईला जायचे, तिथे त्यांची भोकं पाडलेली कार्डं व्हायची, ती कार्डं एका यंत्राला घालायची, आणि यंत्र कुठल्या गावाला आधी हातपंप द्यायचा त्याची यादी छापून देणार. त्या यंत्राने काय करावं, ते त्याच्या भाषेत पेन्सिलीने लिहून काढणारे आमचे साहेब. मुंबईला शिकायला गेले तेव्हा त्यांनी ते यंत्र पाहिलं होतं. तेही एकदाच, काचेतून.

"कसं असते सायब?" प्रमिला विचारायची. प्रमिला आसेगावची, मॅट्रिक झालेली, माझ्या शेजारच्या टेबलावर. तिचे वडील गावात बौद्ध पंचमंडळाचं काम बघायचे, आणि तिची जीभ अशी की हेडक्लार्कसुद्धा तिच्या टेबलाला वळसा घालून जायचे.

"जावयासारखं," साहेब म्हणायचे. "जे वाढसान ते खाते. पन खडा लागला की ताटावरून उठते अन् पुन्हा येत नाई."

"मंग खडे निवडा म्हना त्याले."

"तो जावई हाये. निवडाचं आपन."

साहेबांचे वडील मंगरूळपीरला शिंपी होते. त्यांच्या दुकानात बसून साहेब जे शिकले, तेच त्यांनी यंत्राला शिकवलं असं मला वाटतं. ते सांगायचे, "अब्बा कपडा शिवाले घेतला की शिवनीत दोन बोटं कापड आत सोडत. गिऱ्हाईक फुगन, नाईतं बारीक होईन, सांगता येते का? कपड्यानं माणसासाठी जागा ठेवाची असते. माणसाले कापून कपड्यात बसवत नाई कोनी." म्हणूनच त्यांनी अंतराच्या रकान्यासाठी कोस, मैल, फर्लांग, बिडी, सगळ्यांची वेगवेगळी कोष्टकं केली होती. 'दोन बिड्या' म्हणजे किती, हे ठरवायला ते स्वतः बिडी न ओढणारे गृहस्थ हेडक्लार्कना बिडी पेटवून देऊन सायकल घेऊन मागून चालले होते. हेडक्लार्क मध्येच थांबून खोकले, तर साहेब म्हणाले, "खोकला धरू नका, थे तुमचं वैयक्तिक हाये."

पण त्यांचा खरा खेळ शनिवारी. शनिवारी दुपारी ते गोदामाच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचे आणि डोळे मिटायचे. "आता मी यंत्र. मले गाव माहीत नाई, माणूस माहीत नाई. मले फक्त आकडे आयकू येतात. घाला." मग आम्ही एकेक कागद वाचायचा. ते नुसतं म्हणायचे, "घेतलं. पुढं. घेतलं. पुढं." मध्येच कुणाच्या कागदात उन्हाळ्याचे महिने पंधरा निघाले, की साहेबांची मान एकदम छातीवर पडायची. हालायचे नाहीत, बोलायचे नाहीत. चूक कुठे आहे ते शोधून, ती यंत्राने कशी ओळखावी आणि कुठे बाजूला ठेवावी हे कुणीतरी सांगेपर्यंत यंत्र पडलेलं. एकदा पाऊण तास पडून होते. पोस्टमन आला, त्याला वाटलं साहेबांना झटका आला.

"पडलं तं बरं," जागे झाल्यावर ते म्हणायचे. "पडलं म्हनजे कळते तरी. वाईट केव्हा? हसत हसत चुकीचं गिळते, तेव्हा. कोनालेच कळत नाई."

याशिवाय ते फॉर्मच्या गठ्ठ्यात स्वतःचे खोटे फॉर्म घुसवायचे. डाव्या हाताने लिहिलेले, चहा सांडलेले. एकदा तर 'घरं : शून्य, माणसं : चारशे'. ते आम्ही पकडायचे. एखादा आमच्या हातून सुटला तर साहेब रागवायचे नाहीत. स्वतःच्या हाताने चहाचा कप आणून आमच्या टेबलावर ठेवायचे आणि समोर बसून राहायचे. त्या चहाची मला इतकी भीती की मी चहा सोडायचाच विचार करत होते.

आता माझ्या चुकीचं सांगते.

अंतराचा रकाना कधीकधी रिकामा यायचा. नियम असा, की रिकामा असेल तर फॉर्म वेगळा काढायचा, हेडक्लार्ककडे न्यायचा, त्यांच्या वहीत लिहायचा आणि मग तो गावाकडे परत जायचा. हेडक्लार्क प्रत्येक फॉर्मला म्हणायचे, "पुन्हा आल्या का कोकनातल्या बाई? यांच्याच टेबलावर सारे रिकामे कसे येतात?" तसं काही नव्हतं, ते सगळ्यांनाच बोलायचे. पण मला वाटायचं, आज काढणार मला. म्हणून काही फॉर्मना मी विचार केला : मास्तरांनी अंतर लिहिलं नाही, म्हणजे पाणी दारातच असणार, लिहिण्यासारखं काही नसणार. आमच्या घरी विहीर परसात. रहाटाचा आवाज झोपेत ऐकत मी मोठी झाले. पाणी किती लांब असं कुणी आईला विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. मी चौकटीत शून्य शून्य भरलं. यंत्राने घेतलं, पुढं.

ते कागद मुंबईला गेले. आणि पंधरा दिवसांनी मी स्टँडवर साहेबांच्या शेजारी उभी होते, त्यांची वही धरून. वाशीमजवळच्या मालेगावच्या गाडीतून एक बाई उतरली. कडेवर पोर, डोक्यावर बोचकं.

"बाई, तुमच्या गावाले पानी किती लांब?" साहेबांनी विचारलं.

ती थांबली. बोचकं खाली ठेवलं. "अंधारात निघाव, तं घरी येता येता दिवस कासराभर वर येते," ती म्हणाली. "अन् थे एका घागरीचं. दुसरीले आनखी तेवढंच. तुमी पान्याचे सायब हा का? मंग काहून इचारून राह्यले? दिसत नाई का?" तिने मान खाली करून डोक्यावरची केस गेलेली जागा दाखवली.

"गाव कोन्तं?"

तिने नाव सांगितलं. किन्हीराजावरून आत चार मैलांवरचं लहान गाव. ते नाव माझ्या बोटांना ओळखीचं होतं. त्याच्यापुढे शून्य शून्य मी भरलं होतं. म्हणजे यादीत ते गाव सगळ्यांच्या शेवटी जाणार होतं, पाणी दारात असलेलं गाव म्हणून. साहेबांनी माझ्या हातातली वही घेतली आणि तिचं उत्तर लिहिलं.

दोन दिवस मी गप्प बसले. मला तेच येत होतं. तिसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर उभी राहिले, आणि बोलायचं ते सोडून रडायला लागले. प्रमिलाने मला खाली बसवलं. हुंदक्यांतून जे काय निघालं, त्यातून साहेबांना कळलं. ते उठून बाहेर गेले. मी मनात सामान बांधलं.

ते चहा घेऊन आले. कप माझ्यासमोर ठेवला, बसले.

"शून्य काहून भरलं?" त्यांनी विचारलं.

मी परसातली विहीर सांगितली. हेडक्लार्कची भीतीही सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि मी बोलत असतानाच त्यांची मान छातीवर पडली. यंत्र पडलं. मग डोळे उघडून ते एकदम म्हणाले, "हे तं माहीच चूक हाये बाप्पा."

"तुमची कशी?" हेडक्लार्क म्हणाले. "भरलं यांनी."

"महिने पंधरा भरले तं मी थांबतो. घरं शून्य असली तं थांबतो. अन् पानी शून्य म्हटलं तं 'घेतलं, पुढं'. कायचं पानी, नळाचं का विहिरीचं, एका शब्दानं इचारलं नाई. अन् रिकाम्या रकान्याले मी वाट कोन्ती ठेवली? तुमच्या टेबलाची. माणूस ज्या वाटेनं जायाले भेते, थ्या वाटेनं खरं कधीच येनार नाई." मग ते सगळ्यांकडे वळले. "एक सापडलं म्हनजे एकच हाये असं नाई. शून्याचे सारे फॉर्म काढा."

मूळ फॉर्म आम्ही कधीच टाकत नसू, तो त्यांचा पहिला नियम. दुपारपर्यंत शून्यवाली सतरा गावं निघाली. त्यांतल्या सहा फॉर्मवर दारातली विहीर लिहिलेली, म्हणजे ते शून्य खरं. अकरा फॉर्मवर अंतराचा रकाना कोरा. पाच माझे. उरलेले इतरांचे, आणि त्यातले तीन चक्क प्रमिलाचे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाहून काय राह्यली? मलेबी त्या हेडक्लार्क बुड्ढ्याचा कंटाळा येते."

तिच्या त्या एका वाक्याने मला जेवण गेलं.

अकराही गावांना माणसं पाठवली. किन्हीराजाच्या पलीकडच्या त्या गावाला साहेब मला घेऊन स्वतः गेले. सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधलेली, चिंधी वर आली की एक मोजायचा. बायका पुढे, त्यांच्यामागे रिकामी घागर घेऊन मी, आणि माझ्यामागे सायकल ढकलत, तोंडाने आकडे म्हणत साहेब. स्टँडवरची ती बाई भेटली. मी तिला काहीतरी सांगायला गेले, तर ती म्हणाली, "आधी चाला. ऊन व्हाच्या आत."

नाल्यात वाळू उकरून केलेला झिरा होता. वाटीवाटीने पाणी भरायचं. माझी घागर भरेपर्यंत माझ्या पाठीचे हाल झाले, आणि परतताना निम्म्या वाटेत मी ती खाली ठेवली. त्या बाईने स्वतःची एक डोक्यावर असताना माझी कमरेवर घेतली. "कोकनातल्या हा ना तुमी," ती म्हणाली. "सायब सांगून राह्यले होते. तुमच्याकडं लय पानी म्हनतात."

"हो," मी म्हणाले. माझ्या घशाला कोरड पडली होती.

चाकाचे आकडे आले. पावणेदोन मैल. जाऊन येऊन साडेतीन.

अकोल्याहून मोठे साहेब जीपने आले ते संतापूनच. यादी छापायची वेळ झाली होती, सभेत ठेवायची होती. अकरा गावांसाठी सगळं थांबवायचं? पुढच्या वर्षी घाला त्यांना. चूक कुणाची ते सांगा, त्याला काढा आणि विषय मिटवा. मी पार्टिशनमागे उभी होते. साहेबांचा आवाज नेहमीसारखाच होता. "चूक रकान्याची हाये. रकाना म्या आखला. म्हनजे चूक माही. लेखी देतो. पन चुकीची यादी यंत्राची म्हनून गेली, तं लोक मानतीन, सायब. माणसाचं खोटं लोक पकडतात. यंत्राचं कोन पकडनार?"

त्यांनी लेखी दिलं. वर स्वतःची रजा टाकली, नवे कागद पत्र्याच्या पेटीत भरले आणि पेटी घेऊन गाडीत बसले. मुंबईला यंत्रापाशी त्यांची कायमची नेमणूक व्हायची होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ती पुढे दुसऱ्याच कुणाला मिळाली. त्याबद्दल प्रमिलाने एकदा छेडलं, तर म्हणाले, "तिथं मशीन हाये. गिऱ्हाईक तं इथं हाये."

आठ दिवसांनी परतले. दाढी वाढलेली, शर्ट तोच. काखेत कागदाची लांबलचक घडी, दोन्ही कडांना भोकं असलेली. गोदामाच्या जमिनीवर ती उलगडली तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. इंग्रजी अक्षरांत गावांची नावं. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून प्रमिला गुडघ्यांवर बसून बोट फिरवत गेली. पहिल्याच घडीवर तिचं बोट थांबलं. "हे पाय तुही घागर," ती म्हणाली. हातपंप बसायला आणखी वर्ष गेलं, पण बसला.

नव्या फॉर्मवर साहेबांनी अंतरापुढे आणखी एक चौकट आखली, 'माहीत नाही'ची. खाली स्वतःच्या अक्षरात छापून घेतलं : 'यात कमीपणा नाही.' तो फॉर्म घेऊन आता कुणाच्याच टेबलाशी जायचं नव्हतं. कोपऱ्यात एक पेटी ठेवली होती, तिच्यात टाकायचा. पहिल्याच आठवड्यात पेटी भरली. हेडक्लार्क हळहळले, "इतके रिकामे!" साहेब खूष होते. "आधीबी तेवढेच होते," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मी आईला पत्र लिहिलं. वाशीमला आल्यापासून मी महिन्याला एक कार्ड टाकायची, त्यात 'इकडील सर्व ठीक' याशिवाय काही नसायचं. तिकडूनही तेच यायचं, शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात. या वेळी मी लिहिलं, की मला इथे करमत नाही, लोकांची भीती वाटते, माझ्याकडून मोठी चूक झाली होती, आणि पुढे कसं होईल माहीत नाही. कार्ड टपालाच्या पेटीत टाकल्यावर वाटलं, हात घालून परत काढावं.

उत्तर आलं ते मी ऑफिसातच फोडलं. मास्तरांचंच अक्षर, पण बोलणं आईचं. तिने लिहून घेतलं होतं, की दुष्काळाच्या साली परसातली विहीर आटली, ती अजून नीट भरलेली नाही. तू लांब, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं. पाणी बाहेरून आणतो. तू आता खरं लिहिलंस म्हणून मीही सांगितलं.

मी ते साहेबांना वाचून दाखवलं. ज्या विहिरीच्या भरवशावर मी अकरातल्या पाच गावांच्या दारात पाणी ठेवलं होतं, तिच्यात तेव्हा पाणी नव्हतं. मला वाटलं, ते काहीतरी धीराचं बोलतील. त्यांनी वही उघडली, कानावरची पेन्सिल काढली.

"किती लांबून आनतात?"

"ते लिहिलं नाही."

त्यांनी वेंगुर्ल्याचं नाव लिहिलं, त्याच्यापुढे चौकट आखली, आणि ती तशीच ठेवून वही माझ्याकडे सरकवली.

"मंग इचारा ना, बाई," ते म्हणाले.